हेड उतरवल्याशिवाय फायनल रेट सांगू नका

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ ला बंद झालं, तरी नवी मुंबईत गॅरेजवर ती अजून येते. तक्रार नेहमीची: गाडी गरम होते.

नुसता वॉटर पंप लीक असेल तर रेट लगेच सांगा. पण डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. नवीन गॅरेजवाले बुडतात ते इथेच! गॅस्केट स्वस्त असतं हो, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम होऊन वाकलं असेल तर फेसिंग लागतं. ते न करता गॅस्केट बसवलं, की गाडी परत दारात आणि दुसऱ्यांदाची मजुरी तुमच्या खिशातून.

एस्टिमेट दोन टप्प्यांत द्या: आधी हेड उतरवण्याचे, मग पट्टी आणि फिलर गेजने तपासून बाकीचे. फोटो पाठवा, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. पंप, बेल्ट तेव्हाच सुचवा. आणि कस्टमर कितीही म्हणाला तरी कूलंटऐवजी नळाचं पाणी भरू नका.