मिश्री म्हणजे तंबाखूच

"तंबाखू, सिगारेट, दारू?" कागदावरून मान वर न करता डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "छे हो, आमच्या घरात कुणालाच नाही." मी खोटं बोलत नव्हते. मी मूळची कराडकडची. आमच्याकडे बायका मिश्री लावतात, पण त्याला तंबाखू खाणं कुणी म्हणत नाही. आई तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, घरभर खकाणा उठायचा, मग ती चुरून डबीत भरायची. माझीही पंधराव्या वर्षापासून रोज सकाळी तर्जनीवर चिमूटभर. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही समजूतही आईचीच.

त्या एका "छे हो"ची किंमत सहा महिने. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्याआधीचे सहा महिने, तेही नाकात ऑक्सिजनची नळी असताना.

माझा आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पुण्यात सिंहगड रोडला आमच्या सदनिकेच्या डक्टमध्ये कबुतरांची वस्ती आणि वर गच्चीत त्यांना मूठभर ज्वारी टाकणारी मी. त्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली. कोरडा खोकला आधी ॲलर्जी ठरला, मग दमा. सीटी स्कॅन झाला तोवर फुप्फुसं खालून कडक होत आली होती.

छातीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सुचवलं होतं, "प्रत्यारोपणाच्या टीमला एकदा भेटून या." आम्ही घरी येऊन रडलो. हे म्हणाले, "एवढ्यात कशाला? बघू." ते 'बघू' आठ महिने चाललं. भेटायला जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार देणं नव्हे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फार लवकर गेलात तर टीम सांगते, अजून वेळ आहे, दर काही महिन्यांनी दाखवत राहा. उशिरा गेलात तर मात्र मूत्रपिंडं, हृदय, स्नायू इतके खचलेले असतात की ऑपरेशन झेपत नाही. म्हणून घरात ऑक्सिजनचं मशीन यायच्या आधीच पहिली भेट उरकून घ्या.

तपासण्यांचा सपाटाच असतो. हृदयाची अँजिओग्राफी, हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून फुप्फुसातल्या रक्तदाबाचं मोजमाप, हाडांची घनता, मॅमोग्राफी, कावीळ, एचआयव्ही, टीबी. अन्ननलिकेचीही तपासणी करतात, कारण पोटातलं आम्ल वर येऊन नव्या फुप्फुसात उतरलं तर घात. सगळ्यात साधी दिसणारी आणि सगळ्यात लक्षात राहिलेली म्हणजे सहा मिनिटांची चाल. दोन टोकांना शंकू ठेवलेला तीस मीटरचा कॉरिडॉर, बोटाला चिमटा, सिस्टरच्या हातात स्टॉपवॉच. मी कशाबशा सात फेऱ्या मारल्या. ऑक्सिजनचा आकडा ७९ वर आला, तशी सिस्टर म्हणाली, "ताई, भिंतीला टेका, पण बसू नका." गंमत बघा, चालताना मला भीतीही दोन्हीकडची. जास्त चालले तर म्हणतील ही बरी आहे, कमी चालले तर म्हणतील हिच्यात राम उरला नाही. असला हिशोब करू नका. जमेल तेवढं चाला.

मग लघवीची कोटिनिन तपासणी. शरीरात निकोटिन गेलं की त्याचा हा अवशेष सापडतो, मग ते सिगारेटमधलं असो, जर्द्यातलं असो, नाहीतर व्यसन सोडायला घेतलेल्या च्युइंगममधलं. को-ऑर्डिनेटर मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "काकू, तपकीर? मिश्री?" सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी हात पदराखाली घेतला. तर्जनीचं टोक अजून तपकिरी होतं.

सहा महिने पूर्ण बंद, मध्येमध्ये न सांगता तपासणी, मगच फाइल पुढे. त्या दिवशी मला हा नियम दुष्टपणाचा वाटला. आता वाटत नाही. मिळणारं फुप्फुस कुणाच्या तरी मरणातून येतं. ते ज्याला द्यायचं त्याचा शब्द खरा आहे का, एवढं तरी त्यांनी बघायलाच हवं.

पहिले पंधरा दिवस हाल झाले, पोटाचे आणि स्वभावाचेही. पण ते सहा महिने कामी आले. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस पुरे व्हायलाच सहा महिने लागतात, म्हणून ती आधीच सुरू करा. मिश्रीने खिळखिळ्या झालेल्या दोन दाढा काढल्या. तोंडातला जंतुसंसर्ग प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबल्यावर जिवावर बेततो. माझं वजन होतं ३६ किलो, उंची चार फूट अकरा. पोटभर जेवलं की धाप लागायची, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडंथोडं: तूप घातलेली नाचणीची पेज, अंडी, शेंगदाण्याचा लाडू. फिजिओथेरपिस्टने नाकात ऑक्सिजन ठेवून खुर्चीतून उठबस करायला लावली. वजन ४१ वर गेलं.

समाजसेविकेने मला कमी आणि घरच्यांना जास्त प्रश्न विचारले. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी रोज ठरल्या वेळी, जन्मभर, कोण देणार? ऑपरेशननंतर काही महिने दवाखान्याजवळ कोण राहणार? पैसे? आम्हाला ऑपरेशनचा अंदाज तीस लाखांच्या आसपास दिला होता, औषधं वेगळी. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज तेव्हाच भरून टाका, नंतर धावपळीत राहून जातो. आणि किती वर्षं मिळतील हे तोंडाने विचारा. जगभरच्या नोंदींत निम्मे रुग्ण साडेसहा वर्षांच्या पुढे जातात, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ते ऐकून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल.

आता नाव लागलंय. नोंदणी दवाखान्यामार्फतच होते, पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे. रक्तगट जुळायला हवा आणि छातीचा आकारही. माझ्यासारख्या बुटकीला मोठ्या माणसाची फुप्फुसं मावत नाहीत, म्हणून वाट लांबते. काढलेलं फुप्फुस पाच-सहा तासांत बसवावं लागतं, तेव्हा गाव गाठायचं नाही, लग्नाला जायचं नाही. एकदा रात्री दोनला बोलावणं आलं. उपाशीपोटी सगळी तयारी झाली आणि पहाटे कळलं, ती फुप्फुसं चांगली निघाली नाहीत. परतताना रिक्षात कुणीच बोललं नाही.

बॅग दाराशी भरलेली असते. फोन उशाशी, अनोळखी नंबरही उचलायचा अशी ताकीद आहे. त्यामुळे लोन हवंय का विचारणाऱ्या पोरींचे फोनही मी पहिल्या रिंगला घेते. "नको गं बाळा," म्हणते आणि लगेच ठेवते, लाइन मोकळी राहावी म्हणून.