संगणकातील खासगी माहिती : परवलीचा शब्द आणि डिस्कचे कूटबद्धीकरण

घरातील लॅपटॉप आज कागदपत्रांची पेटीच झाला आहे. मुलांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले, जात पडताळणी प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार आणि पॅन कार्डांची छायाचित्रे, दवाखान्याचे अहवाल असे एकेक तिच्यात साठत जाते. संगणक सुरू करताना पासवर्ड विचारला जातो. म्हणून ही पेटी कुलूपबंद आहे असे आपण धरून चालतो. अनेक संगणकांच्या बाबतीत हा समज खरा नसतो.

सुरुवातीचा पासवर्ड हा संगणकावरील प्रणालीने बसवलेला द्वारपाल होय. प्रणाली जागी असेपर्यंतच त्याचा अंमल चालतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, किंवा तोच संगणक पेनड्राइव्हवरील निराळ्या प्रणालीने सुरू केला, की द्वारपालाला कोणी विचारीत नाही. कूटबद्ध नसलेल्या डिस्कवरील फायली उघड्या वहीसारख्या वाचता येतात. यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानांत हे काम नेहमी होते, आणि तेही बहुधा ग्राहकाच्याच विनंतीवरून, बंद पडलेल्या यंत्रातील फोटो वाचवण्यासाठी.

याची किंमत किती असू शकते हे अमेरिकेत २००६ साली दिसले. ३ मे रोजी तेथील माजी सैनिक विभागाच्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. चोरीस गेलेल्या लॅपटॉप व बाह्य डिस्कबरोबर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक गेले. माहिती कूटबद्ध नव्हती. पुढच्याच महिन्यात वस्तू परत मिळाल्या आणि माहिती कोणी उघडली नसावी असा निर्वाळाही तपास यंत्रणेने दिला. तरीही २००९ साली दावे मिटवण्यासाठी सरकारने २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

चोरीच व्हावी लागते असेही नाही. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. इतरांपैकी कित्येकींवर पत्रे, वैद्यकीय नोंदी आणि हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. फाइल 'डिलीट' केली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद जाते; पान जागच्या जागी राहते. जुना संगणक भंगारात देणाऱ्याने हे अवश्य ध्यानी घ्यावे.

यावरचा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन. डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक अंश एका गुप्त किल्लीने बदलून लिहिला जातो आणि किल्लीवाचून तो निरर्थक ठरतो. यासाठी सामान्यतः वापरली जाणारी एईएस ही पद्धत दोन बेल्जियन कूटलेखनतज्ज्ञांनी रचली आणि २००१ साली अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली. तिची रीत सर्वांना खुली आहे. गुप्त असते ती फक्त किल्ली. विंडोजमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर', मॅकमध्ये 'फाइलव्हॉल्ट' या नावाने ही सोय मिळते. लिनक्समध्ये ती स्थापनेच्या वेळीच निवडणे सोयीचे. अलीकडच्या मोबाइलमध्ये ती मुळातच असते, मात्र स्क्रीनला कुलूप नसेल तर तिचा उपयोग फार थोडा.

किल्ली कुठे परवलीच्या शब्दाने बांधलेली असते, तर कुठे संगणकातील सुरक्षा चिपमध्ये राहते. दोन्ही ठिकाणी तो शब्द दुबळा असेल तर बाकीचे गणित वाया जाते. रॉकयू या संकेतस्थळावरून २००९ साली ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेव्हा सर्वाधिक आढळलेला होता १२३४५६. आपल्याकडे मुलाचे नाव आणि जन्मवर्ष, किंवा 'जयभीम' आणि पुढे १८९१ वा १९५६ असे पासवर्ड ठेवण्याकडे कल असतो. आदर कितीही खरा असो, ओळखीच्या माणसाला अंदाज बांधताना पहिल्यांदा हेच सुचणार.

सेकंदाला १०० कोटी प्रयत्न करणारे यंत्र धरू. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सर्व क्रम ते साडेतीन मिनिटांत तपासून संपवील. आता १९९५ साली अर्नल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेली रीत पाहा. फासा पाच वेळा टाकला की ७,७७६ क्रम संभवतात. तितक्याच शब्दांच्या यादीतून प्रत्येक वेळी एक शब्द निघतो. असे पाच शब्द घेतले तर त्याच यंत्राला सुमारे ९०० वर्षे लागतील, सहा घेतले तर ७० लाख. कंदील, पारंबी, जिरे, तराफा, वकील अशी असंबद्ध माळ दोन दिवसांत पाठ होते. शब्द मराठी असून रोमन लिपीत लिहिले तरी चालतात. अट एकच : निवड फाशाने किंवा चिठ्ठ्या टाकून करावी, मनाने नव्हे, आणि येथे छापलेली माळ अर्थातच वापरू नये.

कूटबद्ध डिस्कचा धोका मालकालाही असतो, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये हे संरक्षण खाते जोडताच आपोआप सुरू होते. घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे मदरबोर्ड बदलला की पडद्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असू शकते. पण ते खाते दुकानदाराने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडून दिलेले असेल तर? किल्ली नसेल तर दुरुस्ती करणाराही काही करू शकत नाही. कूटबद्धीकरणाचा हेतूच तो आहे. म्हणून ही किल्ली आजच शोधून कागदावर लिहावी आणि लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता मूळ प्रमाणपत्रांच्या फाइलीत ठेवावी. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असावी आणि तीही कूटबद्ध असावी.

डिस्कचे हे कुलूप संगणक बंद असतानाच पूर्ण लागलेले असते. चालू यंत्रात शिरलेल्या व्हायरसला, किंवा फोनवर स्वतःहून सांगितलेल्या ओटीपीला ते अडवीत नाही. प्रवासात लॅपटॉप नुसता मिटू नये; पूर्ण बंद करावा.