परीक्षेची गोपनीयता : अटलांटा येथील प्रकरण

प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट शिक्षकाच्या स्वाधीन करताना त्याच्याकडून पोच घेतली जाते. पुष्कळांना हा निव्वळ कचेरीचा उपचार वाटतो. त्या एका सहीत केवढी जबाबदारी सामावलेली असते, हे अमेरिकेतील अटलांटा शहराच्या शाळांत जे घडले त्यावरून ध्यानी येईल. प्रकरण दूर देशीचे असले तरी त्यातील माणसे आपल्याच पेशाची आहेत.

जॉर्जिया राज्यात आठवीपर्यंतच्या मुलांची दरवर्षी एक समान परीक्षा घेतली जात असे. योग्य उत्तराचे वर्तुळ पेन्सिलीने भरावयाचे, आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या धर्तीवर. अटलांटाच्या प्रत्येक शाळेला गुणांचे उद्दिष्ट नेमून दिलेले होते. ते गाठल्यास बक्षिसाची रक्कम मिळे. न गाठल्यास मुख्याध्यापकाची जागा धोक्यात येई. गुण झपाट्याने वाढत गेले आणि शहराच्या शिक्षण अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांचा २००९ साली देशातील सर्वोत्तम अधीक्षक म्हणून गौरव झाला.

गुण कसे वाढले याची साक्ष खोडरबराने दिली. उत्तरपत्रिका वाचणाऱ्या यंत्राला भरलेल्या वर्तुळाबरोबर पुसलेल्या वर्तुळाची फिकट छायाही दिसते. राज्य सरकारने २००९ च्या उत्तरपत्रिका या दृष्टीने तपासविल्या. काही वर्गांत चुकीचे उत्तर पुसून बरोबर उत्तर भरल्याच्या खुणा इतक्या निघाल्या की मुलांनी आपण होऊन तेवढ्या चुका सुधारल्या असतील, हे संभवतच नव्हते. मूल गोंधळले म्हणजे बरोबर उत्तरही खोडून बसते, हे आपणांस रोज दिसते. सदैव बरोबर उत्तराकडेच चालणारी खाडाखोड जाणत्या हातांची होती. जुलै २०११ च्या चौकशी अहवालाप्रमाणे, तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गुंतलेले होते व ८२ जणांनी कबुली दिली. एका शाळेतील शिक्षक तर सुटीच्या दिवशी सहकाऱ्याच्या घरी जमून उत्तरे बदलीत बसले होते.

कित्येकांची नोकरी गेली, अध्यापनाचे परवाने गेले. २०१३ साली ३५ जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि त्यासाठी जो कायदा लावला गेला तो मुळात संघटित गुन्हेगारीच्या बंदोबस्तासाठी केलेला होता. बहुतेकांनी तडजोड करून गुन्हा कबूल केला. उरलेल्या १२ जणांचा खटला चालून एप्रिल २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. तिघा वरिष्ठांना प्रत्येकी २० वर्षांची शिक्षा झाली; तीपैकी ७ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावयाची होती. ही शिक्षा न्यायाधीशांनाच सलत राहिली आणि त्याच महिन्यात त्यांनी तुरुंगवास ३ वर्षांवर आणला. बेव्हर्ली हॉल यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले; निकालापूर्वीच त्यांचे निधन झाले.

“आम्ही भीतीने केले,” असे अनेक शिक्षकांनी सांगितले. ते खोटे म्हणवत नाही. कमी गुण आणले म्हणून एका शिक्षकास भर सभेत टेबलाखालून रांगावयास लावल्याचे अहवालात नमूद आहे. असा वरिष्ठ अधिक दोषी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि पेन्सिल ज्याच्या हाती होती त्याला त्यामुळे मोकळे होता येत नाही. दडपण आले तर नकार द्यावा, तो लेखी द्यावा आणि त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. आरंभी हे फार जड जाते. कागदावर एकदा खाडाखोड झाली की मात्र दुसऱ्या वर्षी नाही म्हणण्यास तोंड उरत नाही, कारण मागील वर्षीचे खोटे गुणच पुढील उद्दिष्टाचा पाया ठरतात. अटलांटात वर्षानुवर्षे हेच चालले होते.

खटल्याच्या गलबल्यात मुलांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. ज्याला परिच्छेद वाचता येत नव्हता त्याच्या नावापुढे उत्तम गुण लागले. साहजिकच त्याला जादा शिकवणीची गरज नाही असे ठरले. शाळा सुधारली असे दिसल्यामुळे दुर्बल शाळांना मिळणारी मदतही काही ठिकाणी आटली. आपली उत्तरे कोणी बदलली आहेत, हे त्या मुलाला ठाऊकही नव्हते. गुणपत्रिका घरी नेऊन त्याने आईला दाखविली असेल, तिनेही कौतुक केले असेल. पुढे अशा मुलांना हुडकून त्यांच्यासाठी जादा शिकवणीची योजना शहराला आखावी लागली. तोवर त्यांतील पुष्कळशी मुले वरच्या वर्गांत पोहोचली होती आणि काही शाळा सोडून गेली होती.