इलेक्ट्रॉनिकीचा पहिला पाठ

४ फेब्रुवारी १९१६ रोजी वाराणसी येथे काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. त्या समारंभात ज्यांची व्याख्याने झाली त्यांत जगदीशचंद्र बसू हे एक होते. विद्युत्‌चुंबकीय लहरी ओळखण्यासाठी बसूंनी गॅलेना या खनिजाचा उपयोग केला होता, व त्या साधनाचे अमेरिकी पेटंट त्यांस १९०४ साली मिळाले होते. गॅलेना हे शिसे व गंधक यांचे संयुग असून ते अर्धसंवाहक आहे. जो पदार्थ तांब्यासारखा सुवाहक नाही आणि काचेसारखा दुर्वाहकही नाही, तो अर्धसंवाहक होय. आजची इलेक्ट्रॉनिकी मुख्यतः अशाच पदार्थांवर उभी आहे. तेव्हा नवशिक्यानेही आरंभ तेथूनच करावा.

साहित्य : प्रत्येकी १.५ व्होल्टचे दोन सेल, १०० ओहमचा एक रोधक (त्यावर तपकिरी, काळा व तपकिरी असे पट्टे असतात), एक तांबडा एलईडी व तारेचे तुकडे. घरातील २३० व्होल्टचा वीजपुरवठा प्राणघातक ठरू शकतो. या प्रयोगात त्याला हात लावू नये.

कृती : दोन्ही सेल एकापुढे एक जोडावे. धन टोकास रोधक, रोधकास एलईडीचा लांब पाय व आखूड पायास ऋण टोक जोडावे. एलईडी उजळतो. आता एलईडीचे पाय उलटे जोडावे. तो विझलेलाच राहतो. यावरून अर्धसंवाहकाचा डायोड प्रवाहास एकाच दिशेने वाट देतो, हे दिसते.

रोधक कशासाठी? तांबड्या एलईडीवर सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. त्यापुढे दाब थोडा वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो व एलईडी जळू शकतो. सेलांच्या ३ व्होल्टांपैकी उरलेला १ व्होल्ट रोधकावर पडतो. ओहमच्या नियमाप्रमाणे १ भागिले १०० म्हणजे ०.०१ अँपिअर, अर्थात १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह एलईडीस सोसतो.

आता १०० ऐवजी २२० ओहमचा रोधक घ्यावा. परंतु जोडण्यापूर्वी प्रवाह किती होईल ते कागदावर काढावे. उत्तर सुमारे ४.५ मिलिअँपिअर येईल, आणि प्रकाशही मंद झालेला दिसेल. आधी गणित, मग जोडणी, ही सवय ज्याला लागली त्याच्या हातून सुटे भाग क्वचितच जळतात. आणि एखादा जळलाच, तर तो का जळला हे त्यास सांगता येते.