माकड महत्त्वाचे की माणूस? – सायलेंट व्हॅलीचा धडा



गावात धरण, रस्ता किंवा कारखाना येऊ घातला आणि कुणी झाडांचा, विहिरींचा किंवा खाडीचा विषय काढला, की त्याला एक ठरलेला प्रश्न विचारला जातो : "तुम्हांला झाडे प्यारी की माणसे?" हा प्रश्न ऐकून भलेभले गप्प बसतात. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी केरळमध्ये हाच प्रश्न एका माकडाच्या नावाने विचारला गेला. तिथल्या लोकांनी त्याला काय उत्तर दिले आणि पुढे त्याच केरळमध्ये तसे उत्तर देणे का जमले नाही, याचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

१. खोरे आणि योजना

पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या डोंगररांगांत सायलेंट व्हॅली, म्हणजे 'शांत खोरे' आहे. रातकिड्यांची किरकिर इथे ऐकू येत नाही म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तिथल्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव सैरंध्रीवन. अज्ञातवासात द्रौपदीने हेच नाव घेतले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. खोऱ्यातून कुंतीपुळा नदी वाहते. दोन्ही बाजूंना उष्ण कटिबंधातले सदाहरित वर्षावन आहे. आपल्या सह्याद्रीचीच ही दक्षिणेकडची रांग. दाट झाडी, वर्षातले बरेच महिने पाऊस आणि नदीचे बारमाही पाणी.

या पाण्यावर वीज निर्माण करण्याची केरळच्या वीज मंडळाची योजना होती. १९७३ साली नियोजन आयोगाने तिला मंजुरी दिली. पुढे २४० मेगावॅटपर्यंत वीज मिळेल, मागासलेल्या मलबार भागात दिवे लागतील, शेतीला पाणी आणि हातांना काम मिळेल, असे सांगण्यात आले. ही गरज खोटी नव्हती. मलबारचा भाग खरोखरच मागे राहिलेला होता. योजना मांडणारे सारे दुष्ट होते असे समजून आपण अभ्यासाला बसलो, तर आपल्या हाती काहीच लागणार नाही.

धरणामुळे सुमारे ८३० हेक्टर जंगल बुडणार होते. "एवढ्या मोठ्या अरण्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही, मग एवढी ओरड कशाला?" असे मंडळाचे म्हणणे होते. हिशेब वरवर बिनचूक होता. पण बुडणार होता तो नदीकाठचा गाभा. शिवाय धरण बांधायचे तर रस्ते येणार, मजुरांच्या वस्त्या येणार, लाकूडतोड येणार. घराची एकच भिंत पाडायची आहे असे कुणी म्हणाले, तर भिंत कोणती, हे आधी विचारावे लागते.

२. आधी अभ्यास, मग आवाज

या चळवळीचा कणा होती केरळ शास्त्र साहित्य परिषद. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मूळ काम साधे होते : विज्ञान मल्याळम भाषेत, सामान्य माणसाला कळेल असे सांगणे. तिच्यात शाळा-कॉलेजांतले शिक्षक मोठ्या संख्येने होते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी या खोऱ्याविषयी लिहायला सुरुवात केली आणि विषय लोकांपुढे आला. १९७९ साली परिषदेने योजनेचा अभ्यास करून अहवाल काढला. जंगल वाचवा, एवढेच सांगून अहवाल थांबला नाही. मलबारला वीज हवी हे त्यात मान्य केले आणि ती दुसऱ्या मार्गांनी कशी देता येईल, हेही मांडले.

कवयित्री सुगतकुमारी आणि केरळमधील इतर साहित्यिकही पुढे आले. कवितावाचने झाली, सभा झाल्या. ज्याला आकडे कळत होते त्याच्यासाठी आकडे होते, ज्याला कविता कळत होती त्याच्यासाठी कविता होती. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली, कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन अशा जाणत्यांनीही योजनेविरुद्ध मत दिले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यापूर्वी मुंबईचे निसर्गप्रेमी जफर फतेहअली यांच्या प्रमुखत्वाखाली केंद्राने एक अभ्यासगट नेमला होता. योजना सोडून द्यावी, असे त्या गटाने सुचवले. मात्र सोडणे शक्य नसेल तर कोणती काळजी घ्यावी, याच्या अटीही त्याने दिल्या. सरकारने मुख्य सल्ला बाजूला ठेवला आणि अटी उचलल्या! अटी पाळू म्हटले की काम करायला मोकळे. कोणत्याही गावाने आपले म्हणणे लिहून देताना हा अनुभव आठवावा.

३. खोटा पेच

या खोऱ्यात सिंहपुच्छ वानर राहते. तोंडाभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हे माकड फक्त पश्चिम घाटातच आढळते आणि सलग सदाहरित जंगलाच्या छपरावरच जगते. झाडांची रांग तुटली की त्याचा रस्ता तुटतो. म्हणून वर्तमानपत्रांत वाद रंगला : माकड महत्त्वाचे की माणूस?

तर्कशास्त्रात याला खोटा पेच म्हणतात. दोनच वाटा आहेत असे भासवायचे आणि तिसरी वाट दिसू द्यायची नाही. खरे तर ते माकड जंगलाच्या तब्येतीची खूण होते. जे जंगल त्याला पोसते तेच पाऊस धरून ठेवते, माती सावरते आणि खालच्या गावांची नदी वाहती ठेवते. पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मानवाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. एक काम निवडा आणि दुसरे सोडा, असे तिथे सांगितलेले नाही.

४. निकाल

१९८० च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने योजनेविरुद्धचे अर्ज फेटाळले. कोर्टात लढा हरला होता. पण तोवर तो लोकांच्या मनात जिंकला होता. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी काम थांबवायला सांगितले. प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र व राज्य यांची संयुक्त समिती बसली. तिच्यात आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ हेही सभासद होते. समितीच्या अहवालानंतर १९८३ साली योजना सोडून देण्यात आली. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले.

पण राखण तिथे संपली नाही. काही वर्षांनी त्याच नदीवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर थोडे खाली, पात्रक्कडवू येथे नवी योजना पुढे आली. लोक पुन्हा उभे राहिले. २००७ मध्ये उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा जाहीर झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटले, त्यात हे खोरेही आहे.

५. दुसरी बाजू

आता कठीण भागाकडे वळू. २०१० मध्ये केंद्राने त्याच माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पूर्ण पश्चिम घाटासाठी समिती नेमली. २०११ साली अहवाल आला. संवेदनशील भागांच्या तीन प्रती ठरवाव्यात आणि निर्णयात ग्रामसभांना स्थान द्यावे, असा त्याचा गाभा होता. परंतु अहवाल काही महिने दडवून ठेवला गेला. न्यायालयाच्या निकालानंतर २०१२ मध्ये तो बाहेर आला, तोही इंग्रजीत. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली.

२०१३ साली केरळच्या इडुक्की-वायनाड भागांत शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांत आपले ख्रिस्ती बांधव मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यासोबत धर्मगुरूही होते. घर बांधता येणार नाही, शेत सोडावे लागेल, अशी भीती घरोघरी पोचली होती. अहवालात कुणाला हुसकावण्याची शिफारस नव्हती. तरी ज्याच्या जमिनीचा कागद अजून पक्का नाही, त्याची भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे आपल्याला शोभत नाही.

फरक कुठे पडला? सायलेंट व्हॅलीच्या गाभ्यात वस्ती नव्हती. कुणाचे घर, कुणाची बाग जाणार नव्हती. इडुक्कीत त्यागाची मागणी शेतकऱ्याच्या दारात आली. आणि नेमके तिथेच शिक्षकांच्या आधी अफवा पोचली. २०१८ च्या पुरात केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळून दोनशेहून अधिक जीव गेले. अशा संकटांची कारणे अनेक असतात, अतिवृष्टी हे त्यातले मोठे. पण डोंगराचे दुखणे डोंगरावरच्या गरिबालाच आधी भोगावे लागते, हे तरी पुन्हा सिद्ध झाले.

आपल्या वसईला हे परके नाही. २०२४ मध्ये आपल्याला सोडून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. लोक त्यांच्यामागे का गेले? विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले आहे, हे प्रत्येकाला घरच्या घोटात कळत होते. निसर्ग राखायचा असेल तर ज्याची जमीन, त्याला त्याच्या भाषेत आधी समजले पाहिजे आणि त्याच्या पोटाची सोयही त्याच कागदावर लिहिली पाहिजे. एवढे झाले तर कोर्टात हरूनही जिंकता येते. एवढे झाले नाही तर चांगला अहवालही कपाटात राहतो.

समूह बैठकीत चर्चेसाठी :

१. आपल्या वॉर्डातल्या किती विहिरी आणि बावखले आज वापरात आहेत? ती मोजून यादी करता येईल का?

२. गावाच्या विकास आराखड्यात आपल्या जमिनीविषयी काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी कुणी वाचले आहे का? वाचलेले इतरांना मराठीत कोण समजावून सांगेल?

३. राखणीसाठी एखाद्या कुटुंबाचे नुकसान होणार असेल, तर बाकीची कुटुंबे त्याचा भार कसा वाटून घेतील?