शस्त्र केव्हा उचलावे?

हरिभक्तहो, बदलापूर गावच्या पारायणात अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतल्या एका माळकऱ्याने आम्हास विचारले, "महाराज, ज्या हातांनी दारूगोळा करायचा, त्याच हातांनी टाळ कसा धरायचा?"

प्रश्न खरा आहे. आधी महाभारत पाहू. भगवंत स्वतः शिष्टाईला गेले. पाच गावांवरही तंटा मिटला असता. तो मिटेना, तेव्हाच शंख वाजले. म्हणजे शस्त्र शेवटी.

आता १९७१ साल घ्या. पूर्व बंगालातून सुमारे १ कोटी निर्वासित आले. घरदार सुटलेल्यांचे हाल आपण फाळणीनंतर शेजारी उल्हासनगरच्या छावणीत पाहिलेच. लोक संतापले, तरी सेनापती माणेकशांनी घाई केली नाही. पावसाळ्यात तिकडच्या नद्या फुगतात, फौजेची तयारीही हवी. मधल्या काळात इंदिराबाईंनी परदेशी राजधान्यांत जाऊन गाऱ्हाणे मांडले. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ला केला. १६ तारखेस ढाक्यात शरणागती झाली. मार्च १९७२ मध्ये आपली फौज ढाक्याहून परतली. सुमारे ९३ हजार बंदीही पुढे सोडले.

धीर धरला, कारण न्याय्य होते, आणि काम होताच हात आवरला. या तिन्हींतले एक जरी सुटले, तरी युद्धाची हिंसा होते. आणि तिन्ही असली तरी दोन्हीकडे आयांचीच लेकरे पडतात, हे विसरून गुलाल उधळू नये.

त्या माळकऱ्यास आम्ही एवढेच म्हणालो, "बाबा, काम चोख कर, पण टाळ सोडू नकोस. मनात वैर शिरू लागले, की तोच तुला सावध करील."

रामकृष्णहरि!