‘पी’मध्ये लावूनही गाडी सरकते

प्रश्न : मी बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी सेकंडहँड घेतली. उतारावर ‘पी’मध्ये लावली तरी ती सरकते, कधीकधी किल्लीही निघत नाही. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर : लगेच गिअरबॉक्स उघडू देऊ नका, खर्च तिथेच वाढतो. ‘पी’मध्ये चाकांना ब्रेक लागत नाही. गिअरबॉक्समधला एक छोटा लोखंडी खटका दातेरी चाकाच्या खाचेत अडकतो, एवढंच. खाच सापडेपर्यंत गाडी थोडी हलली तर तो दोष नव्हे. कटकट आवाज करत ती जातच राहिली, तर मात्र खटका बसत नाहीये.

किल्लीही अडते म्हणता, म्हणून माझा पहिला संशय लिव्हरच्या केबलवर. जुन्या गाडीत केबलच्या टोकाचं बुश झिजतं. लिव्हर ‘पी’वर दिसतो, गिअरबॉक्स तिथवर पोहोचलेला नसतो. सपाट जागी हँडब्रेक ओढून लिव्हर ‘पी’कडे जरा दाबून धरा आणि किल्ली काढून पाहा. निघाली, तर बहुधा केबल किंवा लिव्हरखालचा स्विच. गिअरबॉक्सच्या मानाने दोन्ही कामं किरकोळ.

उतारावर आधी ब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक. पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि शेवटी ‘पी’. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि सगळा भार त्या खटक्यावर येतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी उतारावर लावू नका. लावावीच लागली तर चाकाला दगड लावा.